मिशिगन अव्हेन्यूवर पावणेचार मैल पुढे: शिकागोला मुलांकडे आलेल्यांसाठी

लेकीकडे किंवा लेकाकडे सहा महिन्यांसाठी शिकागोला आलेल्या आईबाबांची फेरी ठरलेली असते. त्या चकचकीत 'बीन'मध्ये आपली वेडीवाकडी तोंडं बघायची, उंच इमारतीच्या काचेच्या सज्ज्यात उभं राहून पोटात गोळा आणून घ्यायचा, डेव्हन अव्हेन्यूवर पाणीपुरी खायची आणि मिशिगन अव्हेन्यूवरच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या सिंहांपाशी फोटो काढायचा. १८९३ साली विवेकानंद याच इमारतीत बोलले. बाहेरच्या रस्त्याच्या तुकड्याला त्यांचं नाव आहे. फोटो झाला की जावईबापू घड्याळ बघतात, "ट्रॅफिक लागायच्या आत निघूया." की गाडी नेपरव्हिलच्या, म्हणजे मुलं राहतात त्या उपनगराच्या दिशेनं.

पहिल्या खेपेला मीही अशीच परत फिरले. दुसऱ्या खेपेला मात्र त्याच मिशिगन अव्हेन्यूवर दक्षिणेकडे गेले. पावणेचार मैलांवर ३८३१ नंबरचं एक जुनं घर आहे, साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर. तिथं आणि आजूबाजूला कसं जायचं, काय बघायचं, काय बोलायचं नाही, हे मी चुका करत करत शिकले. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते.

मी इचलकरंजीतल्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली याचा हिशेब नाही. त्यामुळे माझी नजर आधी भिंतीकडे, खिळ्यांकडे आणि कागदाच्या जाडीकडे जाते, हे आधीच सांगून ठेवते.

निघण्याआधी घरात

"साउथ साइडला? आई, तिकडे कोणी जात नाही." हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. लाखो माणसं तिकडे राहतात, शाळेत जातात, बागेत टोमॅटो लावतात. 'कोणी जात नाही' याचा अर्थ आपल्यातलं कोणी जात नाही, एवढाच. तरी मुलांशी भांडू नका. दिवसाउजेडी जा, कुठल्या बसनं जाणार ते सांगून जा, फोन चार्ज करून घ्या, गळ्यातलं मंगळसूत्र ओढणीखाली ठेवा. मुंबईत लोकलनं जाताना आपण यापेक्षा जास्त काळजी घेतो.

दुसरी तयारी जिभेची. आपल्या लोकांच्या घरांत ब्लॅक माणसांसाठी जे 'काळू', 'कल्लू' चालतं, ते आधी तोंडातून काढा. शब्द कळत नसला तरी सूर कुणालाही कळतो, आणि नातवंडं तर शब्दही उचलतात. माझ्या लहानपणीच्या मराठी पुस्तकांत 'निग्रो' असायचं. तिथल्या जुन्या संस्थांच्या नावांतही तुम्हाला तो शब्द दिसेल, कारण त्या काळी ती माणसं स्वतःसाठी तोच वापरत. आज आपण वापरायचा नाही. सरळ 'ब्लॅक' म्हणावं. आणि अमेरिकेत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात हे ऐकून वयस्क बाईंना थेट नावानं हाक मारू नका. तिथल्या कितीतरी घरांची मुळं दक्षिणेकडच्या राज्यांत आहेत, तिथल्या रीतीनं 'मॅम' आणि 'सर' अजून टिकून आहे. 'मिस' लावून पुढे पहिलं नाव, हे आपल्या 'काकू'च्या जवळचं. रस्त्यात समोरून कोणी आलं तर मान हलवून 'गुड मॉर्निंग' म्हणा. उपनगरात तुमच्याकडे कोणी बघतही नाही. इथे उत्तर मिळतं, पुष्कळदा हसून.

तिसरी गोष्ट, आधी चौकशी. ही घरं जुनी, माणसं मोजकी, आठवड्यातले थोडेच दिवस उघडी असतात, आणि शंभरी ओलांडलेल्या इमारतीत डागडुजीसाठी मोठा काळ कुलूप लागू शकतं. मी पहिल्यांदा चौकशी न करता गेले आणि बंद दारासमोर उभी राहिले. दोष पूर्ण माझा. आम्ही कुणाच्या घरी दुपारी दोनला न सांगता जातो, त्या सवयीचा.

बस पकडा, गाडी नको

जावयाला गाडी काढायला लावू नका. गाडीतून गेलात तर दारापाशी उतराल, आत बघाल, पुन्हा गाडीत बसाल, आणि मधलं सगळं सुटेल.

नेपरव्हिलहून मेट्रानं, म्हणजे उपनगरी रेल्वेनं, युनियन स्टेशन, तिथून चालत किंवा बसनं मिशिगन अव्हेन्यू, आणि मग ३ नंबरची किंग ड्राइव्हची बस. पैशासाठी व्हेंट्रा कार्ड घ्या. डाव्या-उजव्या बाजूची चिंता न करता खिडकीशी बसा, कारण सव्विसाव्या रस्त्यापाशी पहिल्यांदा उतरायचंय.

तिथं रस्त्याच्या मधोमध ब्राँझचा एक माणूस उभा आहे. हातात दोरीनं बांधलेली बॅग, तोंड उत्तरेकडे, एक हात वर. ॲलिसन सार या शिल्पकार बाईंचं हे १९९६ सालचं काम. लांबून वाटतं त्याच्या कोटाला खवले आहेत. जवळ जा. ते बुटांचे झिजलेले तळवे आहेत. अख्खा सूट तळव्यांचा. चपलांच्या मुलखातली मी, त्या तळव्यांपुढे बराच वेळ उभी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू होऊन १९७० पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे साठ लाख ब्लॅक माणसं उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. कापसाच्या शेतातून, अर्धेलीच्या कर्जातून, झुंडीनं फासावर लटकवलं जाण्याच्या भीतीतून. त्यातली कितीतरी या शहरात उतरली. उतरल्यावर मात्र राहायचं कुठे हे त्यांच्या हातात नव्हतं. घराच्या कागदपत्रांतच अट असायची की हे घर ब्लॅक माणसाला विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अशा अटी कोर्टांनी राबवायच्या नाहीत. तोवर शहराच्या दक्षिणेकडच्या एका अरुंद पट्ट्यात सगळे कोंबलेले. डॉक्टर, हमाल, कवी, धोबीण, सगळे एकाच गल्लीत. त्या पट्ट्याचं नाव ब्राँझव्हिल. पुढे जे काही सांगणार आहे ते या कोंबण्यातून आलं, पण 'संकटातून कला फुलली' असं कृपा करून तिथं जाऊन म्हणू नका. मी म्हटलं होतं. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या की संकट नसतं तर अजून जास्त फुलली असती.

पुन्हा तीच बस घ्या आणि पर्शिंग रोडला उतरा. हा जुना एकोणचाळिसावा रस्ता. किंग ड्राइव्हचं तेव्हाचं नाव साउथ पार्कवे. उतरल्याबरोबर चालू लागू नका. त्या कोपऱ्यावर दोन मिनिटं थांबा.

एक मैल नाणी

याच कोपऱ्यावर विशीतली एक मुलगी डबा घेऊन उभी राहायची. तिचं नाव मार्गारेट, लग्नानंतर बरोज. चित्रं काढायची. येणाऱ्याजाणाऱ्याकडून एक डाइम मागायची, म्हणजे दहा सेंटचं नाणं. मोहिमेचं नाव 'माइल ऑफ डाइम्स'. मैलभर नाणी.

मास्तरकी अंगात असल्यामुळे मी हिशेब केला. डाइम अठरा मिलिमीटरला किंचित कमी रुंद असतो. एका मैलात साधारण नव्वद हजार डाइम बसतात. म्हणजे नऊ हजार डॉलर. आणि कला केंद्रासाठी घेतलेलं घर आठ हजारांच्या आसपास मिळालं. म्हणजे 'मैलभर' हा शब्द नुसता जाहिरातीचा नव्हता, अंतर मोजलं तर घर येतं! एकट्या नाण्यांवर भागलं नाही, नाचगाण्याचे मोठे जलसे करूनही पैसे उभे केले. महामंदीत कलावंतांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून शिक्षकांचे पगार आणि घराची दुरुस्ती झाली. पण घर विकत घेणं लोकांवर होतं. देशभर अशी शंभरावर केंद्रं निघाली होती. १९४३ ला योजना बंद पडली आणि बहुतेक सगळी मिटली. हे अजून आपल्या मूळ घरात आहे. का, याचं उत्तर मला त्या कोपऱ्यावर सापडतं. ज्यानं दहा सेंट टाकले त्याला ते घर आपलं वाटणारच.

गावात मंडळासाठी जागा घ्यायचं ठरलं की आपण आधी आमदाराकडे जातो. असो.

कोपऱ्यावरून पश्चिमेला दहा मिनिटं चाला, मिशिगन अव्हेन्यू लागला की थोडं उत्तरेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका धान्य व्यापाऱ्यासाठी बांधलेलं हे घर. १९४० च्या डिसेंबरात केंद्र सुरू झालं, ७ मे १९४१ ला रीतसर उद्घाटनाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या.

आत गेल्यावर चित्रांच्या आधी भिंती बघा. लाकडी फळ्यांच्या आहेत. शिकागोत तेव्हा 'न्यू बाउहाउस' नावाची रचनाकलेची नवी शाळा निघाली होती, तिथल्या माणसांनी या खोलीची मांडणी केली. त्या फळ्यांवर खिळ्यांची भोकं आहेत. मोजू नका, मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. ऐंशी वर्षं प्रदर्शनं लागली-उतरली, त्या प्रत्येकाची भोकं. दुसरीकडे कुठेही भिंत रंगवून गुळगुळीत केली असती. आमच्या शाळेतही दर प्रदर्शनानंतर शिपाई पुट्टी भरायचा आणि मीच त्याला भरायला सांगायचे.

या घराच्या तळघरात गॉर्डन पार्क्स फोटो धूत असत. इथल्या प्रदर्शनामुळे त्यांना रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे ते अमेरिकेतल्या मोठ्या छायाचित्रकारांत गेले. इथल्या कवितेच्या वर्गात ग्वेंडोलिन ब्रूक्स बसायच्या. १९५० साली पुलित्झर मिळालेली ती पहिली ब्लॅक व्यक्ती. चार्ल्स व्हाइट, आर्चिबाल्ड मॉटली, एल्डझियर कॉर्टर ही चित्रकारांची नावंही लक्षात ठेवा. वर आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये यांची चित्रं भेटतील, तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल.

आणि मार्गारेटबाई? त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ शाळेत चित्रकला शिकवली. (मला त्या का आवडतात ते कळलं ना?) १९६१ साली नवरा चार्ल्स आणि इतर काही जणांबरोबर स्वतःच्या घरातच इतिहासाचं संग्रहालय काढलं. घर कुठे, तर समोरच, ३८०६ नंबर. रस्ता ओलांडून बघा. ते संग्रहालय १९७३ साली वॉशिंग्टन पार्कमध्ये गेलं, आज ते ड्यू सेबल संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. तिथं तिकीट आहे, अर्धा दिवस राखून ठेवा. बाईंचं आवडतं माध्यम लिनो, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं आणि शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा. तैलचित्र एकच होतं, ते एकाच्याच घरी जातं; लिनोवरून वाटेल तेवढे ठसे उठवता येतात आणि कारखान्यात काम करणाऱ्यालाही एखादा परवडतो. आमच्याकडे लिनो म्हणजे इंटरमिजिएट झाल्यावर हौसेनं करून बघायची गोष्ट. तो परवडतो म्हणून निवडावा, हे मी एकतीस वर्षांत वर्गात कधी बोलले नव्हते.

बोलायचं कसं

दारात वही असेल तर नाव लिहा. गाव लिहा. मी 'इचलकरंजी' लिहिलं, तर तिथल्या मुलीनं ते तीनदा म्हणून बघितलं आणि आमची ओळख झाली.

पहिला प्रश्न कामाबद्दल विचारा. कागद कुठला, शाई तेलाची की पाण्याची, ठसा हातानं घासला की यंत्रावर दाबला. पहिल्या भेटीत 'तुम्हाला किती भेदभाव सोसावा लागला' हे विचारू नका. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर आपण 'तुमच्यात भांडणं किती होतात' असं विचारतो का? ते सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील, आणि चित्रात बहुतेक सांगितलेलंच असतं.

माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाही. पायरीवर बसलेल्या आजोबांचा फोटो मी काढला, छान उजेड होता म्हणून. ते उठून आत गेले. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

घासाघीस नाही. एका छोट्या गॅलरीत मी तरुण मुलाला विचारलं, "दोन घेतले तर कितीला?" लक्ष्मी रोडची सवय. त्यानं किंमत सांगितली तीच पुन्हा सांगितली, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की मी त्याच्या दोन आठवड्यांचा भाव केला. पैसे कमी असतील तर लहान ठसा घ्या, पोस्टकार्ड घ्या, देणगीच्या डब्यात पाच डॉलर टाका. रिकाम्या हातानं निघू नका.

आणि एक प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल, त्याची तयारी ठेवा. एका कार्यक्रमात बाकावर शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षकांनी मला विचारलं, "तुम्ही आंबेडकरांच्या भागातल्या का?" त्यांना ठाऊक होतं की बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस या ब्लॅक विचारवंतांना पत्र लिहिलं होतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली आणि तिनं नाव इथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, हेही ठाऊक. मग म्हणाले, तुमच्या गावाजवळ त्यांचं काही आहे का?

आहे. माणगाव. १९२० च्या मार्चमध्ये तिथं परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष, शाहू महाराज स्वतः आले आणि 'तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला' असं सांगून गेले. इचलकरंजीहून हाकेच्या अंतरावर. मी एकतीस वर्षांत एकदाही गेले नव्हते. शाळेत वर्षातून दोनदा फोटोला हार घालायचे, संपलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण मला वाटलं की सात समुद्र ओलांडून यांच्या खुणा बघायला आलेल्या बाईनं आधी एसटीनं माणगावला जायला हवं होतं. तुमच्या गावाजवळचं माणगाव कुठलं ते निघायच्या आधी बघून ठेवा.

जे आता तिथं नाही तेही बघा

त्रेचाळिसावा रस्ता आणि लँगली अव्हेन्यूचा कोपरा. इथं १९६७ च्या उन्हाळ्यात कलावंतांच्या एका गटानं दुमजली इमारतीच्या बाजूवर भिंत रंगवली, 'वॉल ऑफ रिस्पेक्ट'. मालकाची परवानगी असो-नसो, गल्लीची परवानगी त्यांनी घेतली. मुहम्मद अली, माल्कम एक्स, नीना सिमोन, ड्यू बॉइस, ग्वेंडोलिन ब्रूक्स. ज्यांचे चेहरे शहरातल्या एकाही फलकावर नव्हते ते सगळे भिंतीवर. मांडणी सिल्व्हिया ॲबरनॅथी या तरुणीनं केली. भिंतीचे भाग पाडून दिले, एकेकानं एकेक घेतला, काही भागांत रंगाऐवजी फोटो लावले. आणि सही कुणी करायची नाही असं ठरलं.

१९७१ साली इमारतीला आग लागली, मग ती पाडली. आज जाऊन उभं राहिलात तर भिंत नाही. तरी जा. त्यानंतर अमेरिकेतल्या किती शहरांत गल्लीतल्या लोकांनी अशा भिंती रंगवल्या, त्याची सुरुवात या कोपऱ्यावर झाली. आधी त्या भिंतीचे जुने फोटो फोनवर काढून ठेवा आणि तिथं उभं राहून बघा.

सही न करण्याचा नियम मला अजून पचलेला नाही. मी पोरांना आधी शिकवायचे काय, तर उजव्या कोपऱ्यात नाव घाला. पण गणपतीच्या मांडवाची आरास कोण सही करून करतं?

या भिंतीवर काम केलेल्यांतले जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ जॅरेल, बार्बरा जोन्स-होगू आणि त्यांच्याबरोबर जे जॅरेल, जेराल्ड विल्यम्स असे १९६८ साली जमले आणि 'आफ्रिकोब्रा' नावाचा चित्रकारांचा गट निघाला. त्यांची पद्धत लिहून घ्या, कुठेही उपयोगी पडेल. एकाच्या घरी जमायचं. एक विषय ठरवायचा, म्हणजे समजा 'कुटुंब'. सगळ्यांनी त्यावर काम करून आणायचं. मग भिंतीला लावून एकमेकांसमोर चिरफाड करायची, वाहवा नाही. त्यातून त्यांचा रंगांचा मेळ ठरला, सरबताच्या पाकिटातले असतात तसे भडक रंग. आणि त्यांनी ठसे काढले, दहा डॉलरला एक. पुन्हा तेच, हमालाच्या भिंतीवर लागलं पाहिजे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचंही असंच. १९६५ साली मुहाल रिचर्ड एब्रम्स, फिल कोरन, जोडी ख्रिश्चन आणि स्टीव्ह मॅकॉल यांनी ए.ए.सी.एम. ही संस्था काढली. नियम एक, आमच्या मैफलीत स्वतः रचलेलंच वाजवायचं. बारवाला सांगतो ते नाही. आणि मुलांना फुकट शिकवायचं. संगीतातलं मला फार कळत नाही. त्यांच्या मैफलीत पहिली वीस मिनिटं मला भांडी पडल्यासारखं वाटलं, मग अचानक एका जागी अंगावर काटा आला. वीस मिनिटं धीर धरा एवढंच सांगेन.

बँकेची गोष्ट

आणखी दक्षिणेला, स्टोनी आयलंड अव्हेन्यूवर अडुसष्टाव्या रस्त्यापाशी १९२३ सालची एक बँक आहे. अनेक वर्षं बंद, छत गळकं, पाडायच्या यादीत. कलावंत थिएस्टर गेट्स यांनी ती शहराकडून एका डॉलरला घेतली. हा माणूस मातीची भांडी करतो आणि नगररचनाही शिकलाय. डॉलरला घेतलं म्हणजे स्वस्त नाही, छत आणि भिंती उभ्या करायला लाखो लागतात. म्हणून त्यांनी बँकेतलाच संगमरवर कापला, त्याच्या लाद्यांवर रोख्यासारखा मजकूर कोरला आणि एकेक लादी पाच हजार डॉलरला विकली. २०१५ च्या ऑक्टोबरात स्टोनी आयलंड आर्ट्स बँक उघडली. आत ब्लॅक मासिकं काढणाऱ्या जॉन्सन कंपनीचं ग्रंथालय आहे, आणि फ्रँकी नकल्स या हाउस संगीताच्या, म्हणजे शिकागोत जन्मलेल्या नाचाच्या संगीताच्या, बादशहाच्या तबकड्या. पुस्तकांच्या त्या उंच भिंतीसमोर मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं.

डाइमवाल्या मुलीला आणि लादीवाल्या माणसाला मी मनात शेजारी उभं केलंय. माझं मन डाइमकडे झुकतं. पण गळक्या छतासमोर उभं राहून डाइम मोजत बसता येत नाही, हेही शाळेच्या इमारतीनं मला शिकवलंय. तिथल्या लोकांतही यावर एकमत नाही. सुंदर जागा झाली की आजूबाजूची भाडी वाढतात, मग ज्यांच्यासाठी केली तीच माणसं लांब जातात, अशी भीती मी दोन-तीनदा ऐकली. तुम्ही ऐका. मत द्यायची घाई नको. तुमचा जावई घर घेण्यासाठी भाव बघत असेल तर अजिबातच नको.

दुसऱ्यांदा जा

एकदा जाणं म्हणजे पुन्हा 'बीन'च. सहा महिने हातात आहेत, महिन्यातून एकदा जा. कलावंतांच्या गप्पांचे कार्यक्रम असतात, उद्घाटनं असतात. उन्हाळ्यात ब्राँझव्हिलच्या गॅलऱ्यांना एका संध्याकाळी फिरवणारी ट्रॉली असते, त्या वर्षाच्या तारखा बघून घ्या. उद्घाटनाला गेलात तर खाण्याच्या टेबलाशी न थांबता आधी कलावंताला भेटा. काही न्यायचं असेल तर घरचं काही करून नेऊ नका लगेच, कुणाला कशाची ॲलर्जी असते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारून न्या. माझ्या खोबऱ्याच्या वड्या चौथ्या भेटीत गेल्या.

परतीला इंडियाना स्टेशनवरून ग्रीन लाइन घ्या. स्टेशन चाळिसाव्या रस्त्यावर, केंद्रापासून जवळ. उत्तरेकडे जाताना गाडी एका स्टीलच्या नळकांड्यातून जाते, नातू बरोबर असेल तर त्याला आधी सांगू नका. ॲडम्सला उतरून पूर्वेला एक चौक चाललात की आर्ट इन्स्टिट्यूटचे सिंह समोर.

एक सांभाळा. आपण पाहुण्यांच्या व्हिसावर आलेली माणसं. कुठे नाव नोंदवून काम करायचं म्हटलं तर मुलांना विचारून करा. पण कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या मिटायला नाव लागत नाही. तिसऱ्या भेटीत सगळे जाऊ लागले तेव्हा मी समोरची खुर्ची मिटली, मग शेजारची. लोखंडी घडीची खुर्ची, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये होती तीच, मिटताना बोट सापडतं तीच. एक बाई दुसऱ्या टोकाकडून मिटत येत होत्या. मधल्या रांगेत आम्ही भेटलो. त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्यात येणार का. म्हटलं, येणार. म्हणाल्या, मग अर्धा तास आधी या, लावायला माणसं कमी पडतात.